पाच बोटांचा घास

सन अठ्ठावन्न. मी तीस वर्षांचा होतो. कागदावर अठ्ठावीस, कारण शाळेत घालताना बापानं मास्तरांना अंदाजानं सांगितलं आणि मास्तरांनी अंदाजानंच लिहिलं. शाळा मला तिसरीपर्यंत मानवली, पुढं मेंढरं मानवली. हे आधीच सांगून ठेवतो. मागून कुणी म्हणायला नको की ह्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलं. नातीला सांगून बघितलं होतं. ती लिहिता लिहिता माझी भाषा शुद्ध करायला लागली. मी कागद ओढून घेतला. अक्षर वाकडं आहे, पण हात माझा आहे.

त्या साली मी धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात एक बाई बघितली. कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, पण आमच्या तोंडात धाराशिवच. तसं माणूस मी पुन्हा बघितलं नाही आणि आता बघेन असं वाटत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई. उंच, हाडापेरानं मोठ्या, पायात पुरुषाचे बूट. चष्म्याला परकराची नाडी बांधून तो गळ्यात अडकवलेला. गळ्यातच एक शिट्टी, पोलिसाची असते तशी. बाई कुणाला हाक मारायच्या नाहीत, शिट्टी मारायच्या. आखूड शिट्टी झाली की सिस्टर यायची. लांबलचक झाली की आम्ही सगळ्या नातेवाइकांनी वॉर्डाबाहेर व्हायचं. रोग्याला शिट्टी नाही. रोग्याजवळ गेल्या की आवाज एकदम खाली यायचा.

खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना कधी बघितलं नाही. वॉर्डात पत्र्याची एक बादली होती. ती उपडी घालायच्या आणि खाटेशी तिच्यावर बसायच्या. कंपाउंडर एकदा म्हणाला, "बाई, खुर्ची आणतो की." बाई म्हणाल्या, "खुर्चीवर बसलं की रोगी खाली दिसतो मियाँ. बादलीवरून तोंडासमोर येतो."

मियाँ सगळ्यांनाच. बाप्या असो, बाई असो, म्हातारं असो, तान्हं असो. डॉक्टरकी शिकल्या हैदराबादला, सगळं उर्दूत. निजाम गेला, पुढं हैदराबादचं राज्यच मोडलं आणि आम्हाला मुंबईला जोडलं, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे बरेच डॉक्टर परत हैदराबादला निघून गेले. ह्या इथंच राहिल्या. का राहिलात म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "इथल्या बायांची नाडी वळखीची झालीया. तिकडं कुणाची धरू?" मराठीत लिहायचा हुकूम आला तेव्हा पहिल्या कागदावर त्यांनी उजवीकडूनच सुरुवात केली म्हणतात. कारकून हसला. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हसून झालं की सरळ करून दे."

एखादी म्हातारी कण्हत म्हणाली, बाई आता मी मरते, तर बाईंचं ठरलेलं उत्तर होतं. "उद्या मर. आज माझ्याकडं वेळ न्हाय." म्हातारीला आधी राग यायचा, मग हसू यायचं. बऱ्याचशा दुसऱ्या दिवशी मरायचं विसरून जायच्या.

आता मी तिथं कशाला गेलो ते सांगतो.

माझी धाकटी बहीण गोदा. सतरा-अठराची असेल. अणदूरच्या अलीकडं आमची वस्ती, मेंढरं आणि थोडी जमीन. गोदा पहिल्यापासून कमी खाणारी. त्यात सोमवार महादेवाचा, मंगळवार तुळजाभवानीचा, रविवार खंडोबाचा, वर एकादश्या. बाप गेल्यावर उरलेले वारसुद्धा तिनं कुठल्या ना कुठल्या देवाला वाहून टाकले. आधी भाकरी सुटली, मग भात सुटला. म्हणायची भूक नाही. काम मात्र दुप्पट करायची. पाणी भर, शेण काढ, दळण दळ, एका जागी बसायची नाही. पाय सुजले, केस गळाले, उन्हात बसली तरी थंडी वाजायची.

आणि गावानं काय केलं? गावानं तिला देवी केलं. कुणीतरी बोललं की पोरीनं अन्नत्याग केलाय, हिच्यात काहीतरी आहे. मंगळवारी बाया यायला लागल्या. नारळ ठेवायच्या, ओटी भरायच्या, पाया पडायच्या. माझी माय दारात उभी राहून पदरानं डोळे पुसायची, आणि डोळे पुसता पुसता तिच्या तोंडावर अभिमानही असायचा. मायला दोष देत नाही. चार गावच्या बाया लेकीच्या पाया पडतात, तर कुठल्या आईला बरं वाटणार नाही?

एका दुपारी गोदा रांजणाशी चक्कर येऊन पडली. मी तिला उचललं. मी मेंढ्या उचललेला माणूस आहे, मला वजन कळतं. तिला उचलल्यावर माझ्या हाताला जे कळलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. तशीच बैलगाडीत घातली, अणदूरला मोटार धरली. शेजारचा चुलता गाडीमागं चालत ओरडत होता, "देवाचं माणूस दवाखान्यात नेतोस? गावाला भोवंल." मी म्हणालो, "भोवलं तर मला भोवू दे." मागं वळून बघितलं नाही. आमच्या घराण्यात मागं वळून बघत नाहीत.

दवाखान्यात मायनं सांगायला सुरुवात केली, की बाई, हे देवीचं आहे. बाईंनी ऐकून घेतलं, नाडी धरली, छाती बघितली, पापणी ओढून बघितली. आम्हाला वाटलं आता विचारतील, पोरी जेवत का नाहीस. ते विचारलंच नाही. बादलीवर बसून म्हणाल्या, "मियाँ, आज काय बघितलंस?"

गोदानं तोंड भिंतीकडं वळवलं. बाई बादलीवरून हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं गोदा म्हणाली, "मोटारीच्या टपावर कोंबडी व्हती. बांधलेली. वाऱ्यानं तिची पिसं उलटी झालती."

"आरडत व्हती?"

"न्हाय. डोळे मिटून बसलेली."

"हौ," बाई म्हणाल्या. "मला पण तसंच वाटतं कधी कधी." आणि उठल्या.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हिचं काळीज दमलंय. दाखल करून घेते. घरी नेलीस तर पाऊस बघणार न्हाय ही." एवढंच. गोड बोलणं त्यांना येत नव्हतं. खोटंही येत नव्हतं.

मायनं तोवर पदराखालून शिऱ्याचा डबा काढलेला. तूप निथळत होतं. बाईंनी डबा धरला. "आता न्हाय. उपाशी अंगात एकदम भर घातली तर ते अंग मरतं." मायला पटेना. मला लगेच पटलं. दुष्काळातून आलेली मेंढी हिरव्या रानात मोकळी सोडली की फुगून मरते, थोडं थोडं चारावं लागतं. मी तसं बोललो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चला, माझं आर्धं बोलणं वाचलं." त्या दिवसापासून मायला काही समजावायचं झालं की मला बोलवायच्या, "ए मेंढीवाले, सांग हिला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वॉर्डात एक कायदा काढला. गोदाच्या आसपास कुणी 'जेवलीस का?' विचारायचं नाही. तिलाच नाही, कुणालाच नाही. आता आमच्या मुलखात माणूस माणसाला भेटला की दुसरं विचारतो काय? रामराम नंतर, जेवलास का आधी. कावळ्याला बोलता आलं असतं तर त्यानंही तेच विचारलं असतं. पण बाईंचं म्हणणं असं, की हा प्रश्न ह्या पोरीला दगडासारखा लागतो. जेवले म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर सगळे मागं लागतात. त्याऐवजी विचारायचं, आज काय बघितलंस.

जो चुकेल त्यानं बादलीवर बसून गाणं म्हणायचं. मी पहिल्याच दिवशी चुकलो आणि खंडोबाची आरती म्हटली. माय तर इतक्यांदा चुकली की तिच्या जात्यावरच्या ओव्या बायांना पाठ झाल्या. एकदा वरचे कुणी मोठे साहेब दवाखाना बघायला आले. टोपी, काठी, मागं चारपाच माणसं. गोदाच्या खाटेशी थांबले आणि मायेनं म्हणाले, "काय बाळ, जेवलीस का?" बाईंनी बादली पुढं सरकवली.

साहेबांना कळेना. कंपाउंडरनं कानात सांगितलं. साहेब म्हणाले, "मी? इथं?"

"कायदा हाय," बाई म्हणाल्या.

साहेब बसले आणि त्यांनी भूपाळी म्हटली, दुपारच्या बाराला. आवाज बेसूर होता पण मन लावून म्हटली, हे मान्य करायला पाहिजे. गोदानं तोंडाला पदर लावला. पदराआड ती हसत होती की काय ते कळलं नाही, पण खांदे हलत होते.

आता माझी आणि बाईंची झुंज.

हैदराबादचा एक डॉक्टर बाईंच्या बरोबर शिकलेला, मनाच्या दुखण्याचा. त्याची सासुरवाडी सोलापूर. बाईंनी त्याला निरोप धाडला की सासऱ्याकडं जाताना वाट वाकडी करून इकडं ये. तो आला. किडकिडीत माणूस, बोलणं हळू, सारखा रुमालानं हात पुसायचा. वॉर्डात कुजबुज झाली, येड्याचा डॉक्टर आलाय. माझ्या कानावर पडलं आणि माझं डोकं फिरलं. मी गोदाला गोधडीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि दाराकडं निघालो.

दारात बाई बादलीवर बसलेल्या.

"कुठं मियाँ?"

"घरी. माझी भन येडी न्हाय."

"न्हायच."

"मग येड्याचा डॉक्टर कशाला?"

"तुझ्या मेंढराला कोल्हा लागला तर तू काय करतोस? काठी घेतोस का कुत्रं सोडतोस?"

"दोनी."

"मग?"

"बाजूला व्हा बाई."

"न्हाय व्हत."

मी उभा, त्या बसलेल्या. माझ्या खांद्यावर गोदा. लोक जमले. बाईंनी खिशातून मूठभर फुटाणे काढले आणि एक एक खात बसल्या, जशा काही मोटारीची वाट बघत आहेत. मी हलणार नव्हतो. मी आयुष्यात कुणापुढं हललेलो नाही. पण ती बाई पण हलणारी नव्हती, आणि तिचं एक बरं होतं, ती बसलेली होती.

शेवटी गोदाच कानाशी म्हणाली, "दादा, खाली ठेव मला. तुझा खांदा टोचतोय."

मी तिला खाटेवर ठेवलं. हरलो म्हणून नाही, ती म्हणाली म्हणून.

बाई माझ्यामागं आल्या. माझा उजवा हात धरला आणि फुटाणे माझ्या डाव्या तळव्यावर ठेवले. "एका बोटानं उचल."

मी प्रयत्न केला. फुटाणा घरंगळला.

"एका बोटानं घास व्हत न्हाय. पाची जवळ आली तर तोंडापर्यंत जातो. ह्या दुखण्याचं तसंच हाय. मी एकटीनं बरी करीन म्हणाले तर मी खोटारडी." मग एकेक बोट धरून सांगत गेल्या. "ही मी. काळीज, रक्त, पायाची सूज, माझं काम. ही सिस्टर. जेवताना जवळ बसणार आन जेवल्यावर पण बसणार, तवाच जास्त लागतं. ही सैपाकघरातली काकू. कवा किती वाढायचं ते मी आन ती मिळून ठरवणार, पोरगी न्हाय, तुझी माय न्हाय. आन हा हैदराबादवाला. पोट का बंद झालं ते पोटाला माहीत नसतं, ते ह्याला हुडकू दे."

पाचवं बोट राहिलं. मी अंगठ्याकडं बघत होतो.

"ह्यो तू," बाई म्हणाल्या. "घरचा माणूस. अंगठा नुसता मागनं ढकलतो, त्याच्याबिगर घास वर जात न्हाय. पण ध्यानात ठेव, लई जोरात ढकललं तर घास सांडतो."

मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ नावं ठेवली. हट्टी, आडमुठा, रेडा. त्या बाईनं मला अंगठा म्हटलं आणि मी ते मानानं मिरवतो.

मग कामाला लागलो. सिस्टर सोलापूरकडची, ख्रिस्ताव, गळ्यात बारीक क्रूस. ताट आलं की गोदाशेजारी भरतकाम घेऊन बसायची. ताटाकडं बघायची नाही. स्वतःच्या भावाच्या लग्नात मांडव कसा कोसळला ते सांगायची, आणि तो मांडव रोज नव्यानं कोसळायचा. ताट झालं तरी उठायची नाही. गोदा जेवल्यावर कासावीस व्हायची, उठून काम करू बघायची. सिस्टर तिचा हात धरून म्हणायची, "बस ग, अजून नवरदेव मांडवाखालीच हाय." काकू पेज करायची, ताक करायची, मग मऊ भात, मग पातळ वरण. चव घेऊन बघायची आणि स्वतःलाच शाबासकी द्यायची. मला सांगितलेलं असायचं तेवढंच मी करायचो. ताट आलं की बाहेर व्हायचं. ताट गेलं की आत यायचं आणि आज काय बघितलंस विचारायचं. तुम्हाला सोपं वाटेल. आत बहीण घासाशी झगडते आहे आणि आपण बाहेर लिंबाखाली हात बांधून बसायचं, हे करून बघा. मी ते केलं.

मंगळवार उजाडला आणि गावच्या बाया दवाखान्यात हजर. नारळ, हळदकुंकू, खण. मला वाटलं आता लांबलचक शिट्टी होणार. झाली नाही. बाई पुढं आल्या, बूट काढले, बायांना हात जोडले.

"देवीला आलात?"

"व्हय बाई. उपाशी ऱ्हाती ना ती."

"मग ह्या वॉर्डात समद्याच देव्या हाइत," बाई म्हणाल्या. "ही हिवतापाची, कालपासून पाण्यावर. ही बाळंतीण, हिच्या घरचं कुणी आलंच न्हाय, काकूनं दिलं तर खाती. ही झाडूवाली, सकाळपासून उभी हाय. पडा पाया. एकीला सोडलं तर देवीला राग यायचा."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. पण आल्या होत्या पाया पडायला, नाही म्हणायची सोय नव्हती. एकेक करून सगळ्यांच्या पाया पडल्या. झाडूवाली तर खराटा टाकून पळत होती आणि बाया तिच्यामागं. बाळंतिणीची ओटी भरली तेव्हा ती रडली. नारळ काकूनं फोडले आणि चटणी केली, सगळ्या वॉर्डाला. त्या दिवशी गोदा पदराबिदराआड नाही, उघड हसली. हसताना तिच्या गालाची हाडं दिसली आणि मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो.

पुढच्या मंगळवारी कमी बाया आल्या. त्यातली एक नुसतीच त्या बाळंतिणीला भेटायला आली होती.

किडकिडीत डॉक्टर सासुरवाडीला वरचेवर जायला लागला. सासऱ्याला वाटलं जावयाला ओढ लागली. खरं म्हणजे निम्मा वेळ तो आमच्याकडं असायचा. रुमालानं हात पुसत गोदाशी बोलायचा, म्हणजे ऐकायचाच जास्त. एक दिवस त्यानं मला आणि मायला आत बोलावलं आणि गोदाला म्हणाला, "आता तूच सांग. मी नाही सांगणार."

गोदा गोधडीचा काठ चिमटीत धरून बोलली. "बाबा समद्यांना म्हणायचे, माझी गोदा चिमणीएवढं खाती, म्हणून बाकीच्यांना पुरतं. त्यांनी दुसऱ्या कशाला मला चांगलं म्हणल्याचं आठवत न्हाय. ते गेल्यावर वाटलं, तेवढं तरी आपल्या हातात ऱ्हावं. मग बाया नारळ ठेवाय लागल्या. आता खाल्लं तर म्हणतील, सोंग व्हतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, मला सुटायचंय. पण मी खाल्लं तर कुणाचं तरी कमी व्हईल असं वाटतं. घास हातात घेतला की वाटतं."

माय तिथंच खाली बसली. किडकिडीत डॉक्टरनं तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "आजी, कुणी चुकलेलं नाही. गाठ कुठं आहे ते सापडलं. आता सोडवायची." त्या दिवसानंतर त्याला येड्याचा डॉक्टर म्हणणाऱ्या दोघांशी मी भांडलो, एकाशी हातघाईवर आलो.

गोदा सावकाश वर आली. मध्ये घसरलीही, पुढं एकदा परतही न्यावी लागली. बाई म्हणाल्या, घाट चढताना गाडी मागं सरकतेच, दगड लावायचा. आता ती पणजी झाली आहे. सासरी तिचा दरारा असा की तिच्या घरात पाहुणा उपाशी जात नाही आणि ती स्वतःही उपाशी राहत नाही. बाईंची पुढं कुठंतरी लांब बदली झाली. बादली त्या बरोबर घेऊन गेल्या. सरकारी बादली होती म्हणून कारकून कुरकुरला, तर म्हणाल्या, "मग माझ्यावर फिर्याद लाव." फिर्याद लावायची कुणाची छाती झाली नाही. त्या कुठं गेल्या, कधी वारल्या, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की मी माझ्या नातवंडांना देवाच्या गोष्टी सांगायच्या आधी त्यांची गोष्ट सांगितली.

पण माझ्या मनात त्यांची जी मूर्ती आहे ती दवाखान्यातली नाही, आमच्या घरातली आहे.

गोदाला घरी सोडायचं ठरलं तेव्हा देवीच्या रोगाची लस टोचणाऱ्यांची जीप अणदूरकडं निघाली होती. बाई तिच्यात गोदाबरोबर चढल्या. मी म्हणालो, "तुमी कशाला तरास घेता?" म्हणाल्या, "चार बोटांचं काम दवाखान्यात झालं. पाचवं कसं काम करतंय ते बघाय नको?"

सांजच्याला घरी पोचलो. डॉक्टरीणबाई आल्या म्हणून चुलता आला, धाकटा भाऊ रानातून आला. मायनं आणि माझ्या बायकोनं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या. आमच्याकडची रीत म्हणजे बाप्ये आधी. सगळ्या मुलखातच ती रीत. पंगत मांडली, बाईंना पाहुण्या म्हणून आमच्या ओळीत पाट दिला. बाई पाटावर बसल्या नाहीत. कोपऱ्यातलं लोखंडी घमेलं उपडं घातलं आणि चुलीजवळ जाऊन बसल्या, बायांच्यात.

चुलता म्हणाला, "बाई, हिकडं या. तुमी पाव्हण्या."

"मी शेवटी जेवते," बाई म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

आम्ही जेवलो. चुलत्यानं दोनदा मागून घेतलं, पाहुणी बघते आहे म्हणून जरा जास्तच. मग बाईंबरोबर माय, माझी बायको आणि गोदा बसल्या. पातेल्यात तळाचं कालवण होतं, काठाला लागलेलं. टोपल्यात भाकरी कमी. मायनं तिचे तुकडे केले. गोदानं आपला तुकडा हळूच बाईंच्या ताटात सरकवला आणि म्हणाली, "मला पुरं. भूक न्हाय."

तेच शब्द. दवाखान्यात इतक्या माणसांनी मिळून जे तिच्या तोंडातून काढलं होतं, ते आमच्या चुलीशी बसताक्षणी परत आलं. माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी बाईंकडं.

बाईंनी शिट्टी मारली नाही. तो तुकडा परत गोदाच्या ताटात ठेवला. स्वतः पातेलं पुढं ओढलं, काठाला लागलेलं बोटानं खरवडलं आणि खाल्लं. जळकं, कडू. सावकाश, सगळं खाल्लं, जसं काही चव समजून घेत आहेत. मग तांब्यानं हात धुतले आणि चुलत्याला विचारलं, "दाजी, आज तुमी काय बघितलं?"

चुलता म्हणाला, "कशाचं काय?"

जीपवाल्यानं भोंगा वाजवला तशा बाई उठल्या, दारात माझ्यापाशी थांबल्या. माझा उजवा हात धरला, अंगठा चिमटीत दाबला आणि सोडला. जीप धूळ उडवत गेली.

गोदानं तो तुकडा खाल्ला नव्हता. पदराखाली ठेवला होता. मी बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं. पण माझं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. बायको उठली तर मला चुलीशी बघून दचकली. मी म्हणालो, "बस तिकडं. मायला उठव, गोदाला उठव." मेंढरांमागं रानात असताना भाकरी थापायला मी शिकलेलोच होतो, माझी भाकरी गोल होत नाही पण पोटात गोलच होते. पहिली भाकरी, गरम, पापुद्रा सुटलेली, गोदाच्या ताटात टाकली. दुसरी मायच्या, तिसरी बायकोच्या. पातेलं मधोमध ठेवलं. मग कालवणाच्या वाट्या भरल्या आणि म्हणालो, "टोपल्यात आजून हाइत. तुमचं झाल्याबिगर मी हात लावत न्हाय. कुणाचं कमी व्हत न्हाय, बघ गोदा, मीच थापतोय."

आणि बाहेर आलो. दवाखान्यात लिंबाखाली बसायचो तसा ओट्यावर घोंगडं टाकून घराकडं पाठ करून बसलो. आत भांड्यांचा आवाज होता. मायनं काहीतरी विचारलं, गोदानं काहीतरी सांगितलं. मग भाकरी मोडल्याचा आवाज. मी मान वळवली नाही.

चुलता वाटेनं आला. थांबला आणि रोजच्यासारखं विचारलं, "जेवलास का रं?"

"न्हाय आजून," मी म्हणालो. "घरातल्या बाया जेवत्यात."

"बाया? आधी?" त्यानं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आन तू?"

मी घोंगडं सरकवून जागा केली. "बसा. त्यांचं झालं की तुमाला पण वाढतो."

चुलता बराच वेळ उभा राहिला. मग बसला.